एचआयव्हीसह जगणाऱ्या मातांच्या बाळांना हंगामभर वाऱ्यावर सोडू नका : एक खुले पत्र

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री, महाराष्ट्र राज्य,
मराठवाड्यातील आठही जिल्ह्यांचे मा. जिल्हाधिकारी,
तसेच मराठवाड्यातून ऊसतोड मजूर नेणाऱ्या सर्व साखर कारखान्यांची संचालक मंडळे

स. न. वि. वि.

आमच्या तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात एचआयव्हीची तपासणी आणि समुपदेशन करणारे जे केंद्र आहे, तेथील समुपदेशक ताईंनी नोकरी सोडली. ते पद सध्या भरले जाणार नाही, शेजारच्या तालुक्यातील समुपदेशकच आठवड्यातून दोन दिवस येऊन येथील काम पाहतील आणि गावभेटींचा प्रवासखर्च पुढील आदेशापर्यंत थांबवला आहे, असे आम्हाला गेल्या महिन्यात तोंडी सांगण्यात आले. लेखी आदेशाची प्रत मागितली, ती मिळालेली नाही. कागदावर ही एका पदाची आणि थोड्याशा प्रवासभत्त्याची बाब दिसेल. परंतु एचआयव्हीसह जगणाऱ्या मातांच्या पोटी जन्मलेली जी बाळे आमच्या यादीत आहेत, त्यांपैकी अनेकांची पहिली तपासणी ऐन ऊसतोडीच्या हंगामात येते, आणि ती व्हावी म्हणून त्यांच्यामागे फिरणारे माणूसच या निर्णयाने काढून घेतले आहे. दसरा तोंडावर आलेला आहे. गाड्या भरून गेल्यावर अर्ज-विनंत्या करून उपयोग नाही, म्हणून हे पत्र आत्ताच आणि उघडपणे लिहीत आहे.

मी स्वतः एचआयव्हीसह जगणारी स्त्री आहे, आई आहे, आणि अनेक वर्षांपासून याच तालुक्यात क्षेत्रीय कार्यकर्ती म्हणून काम करते. पत्राखाली माझे नाव नाही. आपल्या आजाराविषयी कोणाला सांगायचे आणि कोणाला नाही, हे ठरवण्याचा अधिकार २०१७ च्या एचआयव्ही व एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) कायद्याने मला दिलेला आहे आणि शाळेत जाणाऱ्या माझ्या मुलीसाठी मी तो वापरते आहे.

माझे पहिले मूल मुलगा होता. तो माहेरी, घरीच जन्मला. गरोदरपणात माझी तपासणी कोणी केलेली नव्हती, त्यामुळे मला काय झाले आहे हे मलाच ठाऊक नव्हते. तिसऱ्या महिन्यात त्याला धाप लागू लागली, तोंडात पांढरे चट्टे आले, दूध ओढणे बंद झाले, आणि निमोनिया म्हणून दिलेली औषधे संपण्याआधीच तो गेला. पुढे पती आजारी पडले तेव्हा आमची दोघांची तपासणी झाली. मुलाची तपासणी कधी झालीच नाही, त्यामुळे कोणत्याही नोंदवहीत त्याचा मृत्यू एचआयव्हीच्या रकान्यात नाही. मुलगी २०१४ नंतर जन्मली. तोवर मी औषधांवर होते, तिला जन्मल्या दिवसापासून सहा आठवडे संसर्ग रोखणारे नेव्हिरापिनचे सिरप दिले, प्रत्येक तपासणी ठरल्या वेळी झाली आणि अठराव्या महिन्याची शेवटची तपासणी निगेटिव्ह आली. वेळेवर झालेली तपासणी आणि वेळेवर मिळालेले औषध काय करू शकते, हे मी स्वतःच्या घरात पाहिलेले आहे. इतरांच्या बाळांविषयी मी एवढ्या आग्रहाने लिहिते त्याचे कारण हे आहे.

या बाळांच्या बाबतीत वेळेला किती किंमत आहे, हे निर्णय घेणाऱ्यांनी नीट समजून घ्यावे अशी माझी विनंती आहे. आईला कोणताही उपचार मिळाला नाही, तर गरोदरपण, बाळंतपण आणि स्तनपान मिळून १०० पैकी १५ ते ४५ बाळांना संसर्ग होतो. आईची औषधे वेळेत सुरू झाली आणि बाळालाही प्रतिबंधक औषध मिळाले, तर हेच प्रमाण ५ च्या खाली आणता येते. ज्या बाळांना संसर्ग होतो आणि उपचार मिळत नाहीत, त्यांपैकी सुमारे एक तृतीयांश पहिल्या वाढदिवसाआधी आणि जवळपास निम्मी दुसऱ्या वाढदिवसाआधी दगावतात. मोठ्या माणसाच्या शरीरात हा विषाणू काही वर्षे गप्प बसतो, तसा तो तान्ह्या बाळात बसत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यातच बाळ हातचे जाऊ शकते. दक्षिण आफ्रिकेत झालेल्या आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात सहा ते बारा आठवड्यांच्या संसर्गित बाळांना, लक्षणे दिसण्याची वाट न पाहता, लगेच औषधे सुरू केली गेली, आणि वाट पाहिलेल्या बाळांच्या तुलनेत त्यांच्यातील मृत्यू ७६ टक्क्यांनी कमी झाले. दीड महिन्याची तपासणी पाच महिन्यांवर गेली तर काय जाते, याचा हिशेब या आकड्यात आहे.

आपल्याकडे मार्ग नाही असेही नाही. आईकडून बाळाकडे होणारा संसर्ग रोखण्याचा कार्यक्रम देशात २००२ मध्ये सुरू झाला, तेव्हा प्रसूतीच्या वेळी आईला नेव्हिरापिनची एक गोळी आणि बाळाला सिरपचा एक डोस एवढेच त्याचे स्वरूप होते. २०१० पासून तान्ह्या बाळांची तपासणी सुरू झाली, आणि २०१४ पासून एचआयव्हीसह जगणाऱ्या प्रत्येक गरोदर व स्तनदा मातेला आयुष्यभराची तिहेरी औषधे मोफत देण्याचे धोरण आले. राष्ट्रीय कार्यक्रमाच्या पाचव्या टप्प्यात तर २०२५-२६ पर्यंत आईकडून बाळाकडे होणारा संसर्ग संपवण्याचे उद्दिष्टच लिहिलेले आहे. थायलंडने २०१६ मध्ये आणि श्रीलंकेने २०१९ मध्ये हे करून दाखवले आणि जागतिक आरोग्य संघटनेने त्यावर शिक्कामोर्तब केले. देशात एचआयव्हीसह जगणारे सर्वाधिक लोक ज्या राज्यात आहेत, त्या महाराष्ट्राने हे काम सर्वांत मनावर घ्यायला हवे होते.

आता आमच्या तक्रारी.

सर्वांत मोठी तक्रार स्थलांतराविषयी आहे, आणि तिच्याविषयी मी सविस्तर लिहिणार आहे. बीड, जालना, परभणी, धाराशिव या जिल्ह्यांतून दसरा-दिवाळीच्या सुमारास जी कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊस तोडायला जातात, ती उन्हाळा लागल्यावर परततात. अशा घरातील बाळाचे तीन पत्ते असतात. त्याचा जन्म माहेरी होतो, आईचे नाव सासरच्या तालुक्यातील एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीची औषधे देणाऱ्या केंद्रात, असते, आणि बाळाचे पहिले पाच-सहा महिने फडावरच्या कोपीत (झोपडीत) जातात. आपला कार्यक्रम यांपैकी एकच पत्ता ओळखतो. माहेरच्या रुग्णालयाला वाटते की सासरचे लोक पुढचे पाहतील, सासरच्या केंद्राला प्रसूती झाल्याचेच उशिरा कळते, आणि ज्या गावाच्या शिवारात कोपी उभी आहे तेथील आशाताईंच्या यादीत हे कुटुंब नसतेच, कारण ते त्या गावचे नव्हे. चौकशी झाली की तीनही ठिकाणचे कागद नियमाप्रमाणे बरोबर निघतात.

गेल्या हंगामातील एका मातेचे उदाहरण देते. तिचे गाव आणि ती गेली तो कारखाना मी मुद्दाम लिहीत नाही. दिवाळीच्या आठवड्यात ती माहेरी बाळंत झाली आणि महिना भरायच्या आत नवऱ्याबरोबर तळावर गेली, कारण उचल, म्हणजे मुकादमाकडून आगाऊ घेतलेली मजुरी, दोघांच्या कोयत्यावर घेतलेली होती. बाळाचे वजन अडीच किलोच्या वर होते, म्हणून नेव्हिरापिनचे सिरप रोज दीड मिली द्यायचे होते. बाटली तिने पिठाच्या डब्यात, पिठाच्या आत पुरून ठेवली होती, शेजारच्या कोपीतील कोणाला दिसू नये म्हणून. पहाटे फडात निघण्याआधी अंधारात मोबाइलच्या उजेडात सुईविना सिरिंजवरची रेघ बघून ती औषध भरत असे. औषधात तिने चूक होऊ दिली नाही. दीड महिन्याला बाळाला जवळच्या रुग्णालयात घेऊन जा, असे मी फोनवर सांगितले तेव्हा ती म्हणाली, "खाडा पडला तर दोघांचा पडतो, ताई. मुकादम फिटूच देईना मग." कोणते रुग्णालय, तेथे कोणाला काय सांगायचे, मराठी कोणाला कळेल का, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर आमच्या केंद्राकडे नव्हते. बाळाचा पहिला नमुना घेतला गेला तो ते कुटुंब गुढीपाडव्याला गावी परतल्यावर. तोवर बाळ पाच महिन्यांचे झाले होते, आणि अहवाल पॉझिटिव्ह आला. आज ते औषधांवर आहे आणि त्याचे वजन वाढते आहे. हे त्याच्या आईचे श्रेय आहे. कार्यक्रमाला ते घेता येणार नाही.

दुसरी तक्रार नमुन्याची आणि अहवालाची. आईच्या शरीरातील प्रतिपिंडे बाळात अठरा महिन्यांपर्यंत राहू शकतात, त्यामुळे मोठ्यांची साधी तपासणी तान्ह्या बाळाला लावली तर बाळ निरोगी असूनही ती पॉझिटिव्ह दिसू शकते. म्हणून बाळाच्या रक्तात प्रत्यक्ष विषाणू आहे का, हे पाहावे लागते. त्यासाठी दीड महिन्याच्या बाळाच्या टाचेला बारीक टोचून, जाड शोषकागदाच्या कार्डावर छापलेली वर्तुळे एकेक करून रक्ताने अशी भरावी लागतात, की वर्तुळ पूर्ण भरेल पण थेंबावर थेंब पडणार नाही. मग ते कार्ड उन्हापासून दूर, आडवे ठेवून काही तास वाळवायचे, ओलावा शोषणाऱ्या पुडीसह पिशवीत बंद करायचे आणि दूरच्या प्रयोगशाळेला पाठवायचे. कार्ड ओले राहिले, थेंब कमी पडला, की नमुना नाकारला जातो आणि आईला पुन्हा बोलवावे लागते. हे हाताचे कौशल्य आहे. आठवड्यातून दोन दिवस धावतपळत येणाऱ्या माणसाकडून त्याची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. त्यात कार्डांचा संच संपला की "पुढच्या महिन्यात या" असे सांगावे लागते, आणि अहवाल येईपर्यंत आठवडे उलटतात. ज्या आजारात तिसरा महिना घातक असतो, त्यात दीड महिन्याला घेतलेल्या नमुन्याचा अहवाल चौथ्या महिन्यात हाती पडला, तर वेळेवर तपासणी केली असे म्हणता येत नाही.

येथे एक गोष्ट मला मुळीच समजत नाही. क्षयरोगाच्या तपासणीसाठी सीबीनॅट यंत्रे जिल्ह्याच्या ठिकाणी आलेली आहेत. त्याच यंत्रावर, वेगळे काडतूस वापरून, तान्ह्या बाळाच्या रक्तातील एचआयव्ही साधारण दीड तासात तपासता येतो, आणि अशा जागच्या जागी होणाऱ्या तपासणीचा पुरस्कार जागतिक आरोग्य संघटनेनेही केलेला आहे. आई बाळाला घेऊन सकाळी आली, तर दुपारच्या एसटीने ती निकाल आणि औषध दोन्ही घेऊन परतू शकते. यंत्र आपल्या इमारतीत असताना कार्ड टपालाने का पाठवायचे?

तिसरी तक्रार स्तनपानाच्या सल्ल्याविषयी आहे. ती लहान वाटेल, पण तिच्यापायी बाळे जातात. राष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात की आई नियमित औषधे घेत असेल तर बाळाला पहिले सहा महिने केवळ अंगावरचे दूध द्यावे. प्रत्यक्षात प्रसूतिगृहात एक परिचारिका "पाजू नका" म्हणते, दुसरी "पाजा" म्हणते, आणि घरी गेल्यावर सासूबाई "दूध पुरंना" म्हणून वरचे दूध, गुटी आणि मध तिन्ही सुरू करतात. मिश्र आहार हाच सर्वांत धोक्याचा असतो, हे दक्षिण आफ्रिकेतील डर्बन येथील १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून प्रथम ठळकपणे समोर आले आणि नंतरच्या अभ्यासांनी ते पक्के केले. दुसरीकडे, अंगावरचे दूध एकदम तोडून बाटली लावली तर आमच्या भागातील टँकरच्या पाण्यात आणि फडावरच्या पाण्यात जुलाब ठरलेलेच. आईला हा सल्ला एकदा देऊन भागत नाही. सासूसमोर कसे बोलायचे, गावात कोणी विचारले तर काय सांगायचे, इथपर्यंत तो पुन्हा पुन्हा द्यावा लागतो. समुपदेशक हे काम करत असे. ते पद रिकामे ठेवले म्हणजे हा सल्ला आता शेजारीण देणार.

चौथी तक्रार प्रसूतीच्या वेळच्या वागणुकीची आहे. कळा सुरू झालेल्या बाईचे कागद पाहताच "पुढे न्या" असे सांगून तिला तालुक्याहून जिल्ह्याला आणि जिल्ह्याहून वैद्यकीय महाविद्यालयात पाठवण्याचे प्रकार थांबलेले नाहीत. केवळ एचआयव्ही आहे म्हणून उपचार नाकारणे १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात असलेल्या त्या २०१७ च्याच कायद्याने गुन्ह्यासमान ठरवले आहे असे मी म्हणणार नाही, पण ते बेकायदा आहे एवढे तो कायदा स्पष्ट सांगतो. त्याच कायद्यात तक्रारींसाठी राज्याने लोकपाल नेमण्याची आणि वीस किंवा अधिक माणसे असलेल्या प्रत्येक आरोग्य संस्थेत तक्रार अधिकारी नेमण्याची तरतूद आहे. आमच्या भागातील एकाही मातेने मला आजवर सांगितलेले नाही की अशा अधिकाऱ्याचे नाव तिने रुग्णालयाच्या भिंतीवर वाचले.

ज्या बाळांचा अहवाल निगेटिव्ह येतो, त्यांचाही विचार व्हावा. एकदा निगेटिव्ह आले की सर्वांचे लक्ष उडते. पण स्तनपान चालू असेपर्यंत धोका संपत नाही, म्हणून सहाव्या, बाराव्या आणि अठराव्या महिन्याच्या तपासण्या ठेवलेल्या आहेत. शिवाय संसर्ग न झालेली ही बाळेही इतर बाळांपेक्षा अधिक आजारी पडतात आणि त्यांच्यात मृत्यूही अधिक होतात, असे अनेक देशांतील अभ्यास सांगतात. घरात आजारी आई-वडील, अपुरे खाणे, क्षयरोगाचा सहवास असला की ते वेगळे सांगावे लागत नाही. दीड महिन्यापासून द्यायचे कोट्रायमोक्साझोलचे सिरप निमोनियापासून या बाळांचे रक्षण करते. ते अत्यंत स्वस्त आहे आणि तरीही "साठा नाही" हे उत्तर आम्ही ऐकतो. लहान मुलांच्या एचआयव्ही औषधांचा तुटवडाही नवा नाही: मार्च २०१७ मध्ये एचआयव्हीसह जगणाऱ्या मुलांना लोपिनाविर सिरपसाठी थेट पंतप्रधानांना पत्र लिहावे लागले होते, आणि २०२२ मध्ये औषधांच्या टंचाईविरुद्ध दिल्लीत आंदोलन झाले. पाण्यात विरघळणारी डोलुटेग्रॅव्हिरची लहान मुलांसाठीची गोळी भारतीय कंपन्या बनवतात आणि जगाला पुरवतात. ती मराठवाड्यातील बाळाला मिळण्यात खंड पडावा याला कोणतेही कारण पटण्यासारखे नाही.

मदतीच्या योजनांविषयी थोडक्यात. बालसंगोपन योजनेतून महिना २,२५० रुपये आणि संजय गांधी निराधार योजनेतून १,५०० रुपये मिळू शकतात, एसटीच्या साध्या बसमध्ये मोफत प्रवासाची सवलतही आहे. परंतु अर्जाला आजाराचे प्रमाणपत्र लागते, आणि तो कागद गावातल्या ओळखीच्या हातांतून जातो. भरलेल्या बसमध्ये वाहकाला असे प्रमाणपत्र दाखवण्याऐवजी बाया महिलांचे अर्धे तिकीट काढतात. सवलत वापरली जात नाही याचा अर्थ तिची गरज नाही, असा कोणी काढू नये.

बीडजवळच्या पाली येथे आणि लातूर जिल्ह्यातील हासेगाव येथे एचआयव्हीसह जगणाऱ्या मुलांना आधार देणारी घरे लोकांनी उभी केली. त्यांच्या कामाविषयी मला अतिशय आदर आहे. पण तेथे जी मुले दिसतात ती पहिली दोन वर्षे पार करून जगलेली मुले आहेत. जी त्याआधीच गेली, ती कोणत्याही घराच्या दारापर्यंत पोहोचली नाहीत आणि म्हणून कोणाच्या डोळ्यांपुढेही नाहीत. आमचे भांडण त्यांच्यासाठी आहे.

आमच्या मागण्या अशा आहेत.

समुपदेशकाचे रिक्त पद गळीत हंगाम सुरू होण्यापूर्वी पूर्णवेळ भरावे आणि क्षेत्रीय भेटींचा प्रवासखर्च थांबवण्याचा निर्णय मागे घ्यावा. ज्या तालुक्यांतून मोठ्या संख्येने ऊसतोड मजूर जातात, तेथे हे पद अतिरिक्त कार्यभारावर चालवू नये, असा लेखी आदेशच काढावा.

स्थलांतर करणाऱ्या प्रत्येक गरोदर आणि स्तनदा एचआयव्हीग्रस्त मातेला गाव सोडण्यापूर्वी किमान तीन महिन्यांची तिची औषधे, बाळाची पुरेशी सिरपे, आणि ती जाणार आहे त्या भागातील तपासणी केंद्राचे नाव व तेथील एका जबाबदार व्यक्तीचा फोन क्रमांक द्यावा. "सोच" ही नोंदींची संगणक प्रणाली देशभर एकच आहे. तिच्यातून बाळाच्या तपासणीची तारीख त्या केंद्राला आधीच कळवावी, कर्नाटकातील केंद्रांनाही. बाळ कोठेही असो, त्याच्या अठराव्या महिन्याच्या अहवालापर्यंतची जबाबदारी एका नावानिशी ठरलेल्या कर्मचाऱ्याची असावी.

दीड महिन्याची तपासणी दीड महिन्याच्या लसीला जोडावी. आई लसीसाठी येतेच. त्याच दिवशी, त्याच खोलीत नमुना घेतला तर वेगळा खाडा पडत नाही आणि कोणाला संशयही येत नाही.

मराठवाड्यातील प्रत्येक जिल्हा रुग्णालयात आणि वैद्यकीय महाविद्यालयात सीबीनॅट यंत्रावर तान्ह्या बाळांची एचआयव्ही तपासणी सुरू करावी. ते होईपर्यंत शोषकागदाच्या कार्डांचा, कोट्रायमोक्साझोलचा आणि बाळांच्या औषधांचा तीन महिन्यांचा राखीव साठा प्रत्येक जिल्ह्यात ठेवावा आणि नमुन्याचा अहवाल जास्तीत जास्त किती दिवसांत येईल, ते जाहीर करावे.

जिल्हाधिकाऱ्यांनी आपल्या जिल्ह्यात एचआयव्हीसह जगणाऱ्या मातांची किती बाळे जन्मली, त्यांपैकी किती जणांची तपासणी दोन महिन्यांच्या आत झाली, किती पॉझिटिव्ह आली, किती दगावली आणि किती यादीतून हरवली, हे पाच आकडे दर तीन महिन्यांनी, कोणाचेही नाव न देता, प्रसिद्ध करावेत. प्रत्येक रुग्णालयात तक्रार अधिकाऱ्याचे नाव आणि लोकपालाचा पत्ता प्रसूती कक्षाबाहेर मराठीत लावावा. मदतीच्या योजनांचे अर्ज एआरटी केंद्रातूनच, आजाराचा उल्लेख नसलेल्या सांकेतिक क्रमांकावर, तहसीलकडे जावेत.

साखर कारखान्यांकडे आमची मागणी पैशाची नाही. आपल्या शेतकी विभागाकडे कोणत्या तळावर किती कोप्या आहेत याची माहिती असते. ती तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना हंगामाच्या पहिल्या पंधरवड्यात द्यावी. लसीकरणाच्या आणि तपासणीच्या दिवशी तान्हे बाळ असलेल्या कोणत्याही आईचा खाडा धरला जाणार नाही, आजाराचे कारण न विचारता, असे मुकादमांशी होणाऱ्या करारातच लिहावे. सर्वच तान्ह्या बाळांच्या मातांना ही सवलत दिली, तर आमच्या माता वेगळ्या काढल्या जाणार नाहीत. हा मुद्दा आमच्यासाठी फार मोलाचा आहे.

यांतील बहुतेक गोष्टींना नवा कायदा लागत नाही आणि फारसा नवा पैसाही लागत नाही. आदेश लागतात, आणि ते दिवाळीपूर्वी निघायला हवेत. या पत्राचे लेखी उत्तर आपण घटस्थापनेपूर्वी वर्तमानपत्रांतून जाहीरपणे द्यावे, म्हणजे कोणत्याही मातेला ते मागण्यासाठी स्वतःचे नाव सांगावे लागणार नाही. तोवर आमच्या तालुक्यातील या हंगामात जाणाऱ्या मातांची आणि बाळांच्या तपासणीच्या तारखांची यादी आम्ही तयार करतो आहोत. नवीन समुपदेशक रुजू झाल्या की पहिल्याच दिवशी ती त्यांच्या हाती देऊ.

कळावे.

आपली,
एक आई आणि क्षेत्रीय कार्यकर्ती,
मराठवाडा